बाण, मुकुट आणि सरळ उभा माणूस

हात सैल सोडून सहज उभे राहा बघू. अंगठे कुठे आहेत? बहुधा पुढच्या बाजूला. शरीररचनेच्या पुस्तकातल्या माणसाचे अंगठे मात्र बाहेरच्या बाजूला असतात, कारण तो तळवे पुढे करून उभा असतो. असं दिवसभर कोणीच उभं राहत नाही. मग हा हट्ट कशासाठी?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शरीराच्या भागांसाठी 50,000 च्या आसपास नावं वापरात होती. एकाच स्नायूला देशागणिक वेगळं नाव. जर्मन शरीररचनातज्ज्ञांनी पुढाकार घेतला आणि 1895 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये एक लॅटिन यादी मंजूर झाली. नावं पाचएक हजारांवर आली.

जुने शब्द मात्र टिकले. ‘सॅजिटल’ हे सॅजिटा, म्हणजे बाण, यावरून. कवटीच्या मधोमध पुढून मागे जाणाऱ्या सांध्याचं हे नाव. त्याला समांतर प्रतल शरीराचे डावे-उजवे भाग करतं. ‘कोरोनल’ हे कोरोना, म्हणजे मुकुट, यावरून. हे प्रतल पुढचा आणि मागचा भाग वेगळा करतं. तिसरं आडवं, ट्रान्सव्हर्स. मूळ स्थितीतून कोपर वाकवलं तर ती हालचाल सॅजिटल प्रतलात, हात बाजूला उचलला तर कोरोनलमध्ये, मान वळवली तर आडव्या प्रतलात.

पण ‘पुढे’ म्हणजे कुठे? माणसाचं पोट पुढे असतं, कुत्र्याचं खाली. म्हणून 1935 मध्ये येनाच्या यादीने माणूस आणि प्राणी दोघांना चालतील असे शब्द आणले: ‘पोटाकडचा’, ‘पाठीकडचा’. ते फारसे रुजले नाहीत. 1955 मध्ये पॅरिसच्या यादीने पुन्हा बाझलचाच पाया धरला. म्हणजे ‘पुढे’ हा शब्द निसर्गाने दिलेला नाही, तो माणसांनी बसून ठरवलेला आहे.

हे तुम्हाला का सांगतोय? पहिल्या वर्षी मी खांद्याचे कोन मोजले आणि वहीत फक्त ‘90 अंश’ लिहिलं. हात पुढे उचलला होता की बाजूला, सुरुवात कुठून केली, काहीच नोंद नाही. आकडे बरोबर होते, पण उपयोग शून्य. दोन आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

म्हणून मोजायला बसण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: सुरुवातीची स्थिती, प्रतल आणि दिशा. आकडा त्यानंतर.