इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही

आमच्या औंधच्या गोतावळ्यात गेल्या काही वर्षांत ऑटोमॅटिक गाड्या बऱ्याच झाल्या. त्याबरोबर एक प्रश्नही फिरून फिरून यायला लागला : ही गाडी बिघडत आली हे ओळखायचं कसं? गिअरचा दांडा हातात होता तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नसे. तो दांडाच सगळं सांगायचा.

रहिमतपूरहून औंधला येणाऱ्या जुन्या एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलेल्यांना आठवत असेल. दांडा थरथरायचा, चढावर ड्रायव्हर 'डबल क्लच' मारायचा आणि गिअर नीट पडला नाही की खर्रर्र आवाजाने अख्खी गाडी जागी व्हायची. क्लचप्लेट संपत आली की पायाला कळायचं, गिअर उडायला लागला की तळहाताला. हे ज्ञान कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. क्लीनर होता होता लोक ते शिकत.

हा त्रास कमी करायचं काम अमेरिकेत अर्ल थॉम्पसन या माणसाने केलं. त्याच्या सिंक्रोमेशमुळे १९२८ साली कॅडिलॅकमधली गिअरची खरखर थांबली. पुढे त्याच्याच नेतृत्वाखाली जनरल मोटर्समध्ये हायड्रामॅटिक तयार झाला. १९३९ च्या शेवटी तो ओल्ड्समोबिलमध्ये ५७ डॉलर जादा मोजून मिळायला लागला. क्लचचं पेडलच गायब! इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये घट्ट जोड नव्हता, तेल होतं. इंजिनाने फिरवलेलं तेल समोरच्या पात्यांना फिरवणार, ही मूळ कल्पना १९०५ सालची. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने ती जहाजांसाठी काढली होती.

(१९३९ म्हटलं की औंधकरांना दुसरंच काहीतरी आठवणार. त्याच वर्षी जानेवारीत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. यंत्रांचंही या संस्थानाला वावडं नव्हतं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळ कारखान्यासाठी जागा याच राजाने दिली.)

सातारा जिल्हा फौजींचा, म्हणून हेही सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने स्टुअर्ट एम-५ रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनं आणि दोन हायड्रामॅटिक बसवले. १ नोव्हेंबर १९४८ ला सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे झोजिला खिंडीत चढले. बर्फातल्या त्या उंचीवर शत्रूला रणगाड्यांची अपेक्षाच नव्हती. आपल्या मोटारींत ऑटोमॅटिक गिअर सर्रास दिसायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

सामान्य मराठी माणसाला मात्र ही चैन चारचाकीतून मिळाली नाही, दुचाकीतून मिळाली. १९७२ ला फिरोदियांची लुना आली. गिअर नाही, क्लचची दांडी नाही. मग १९८४ ला कायनेटिक होंडा. तिच्या पोटात रबरी पट्टा, पुढच्या पुलीत रोलर आणि मागे आपोआप पकडणारा क्लच. पट्टा झिजला की चढावर इंजिन ओरडायचं आणि स्कूटर मात्र रेंगाळायची. "आवाज करते पण ओढत नाही," ही तक्रार तिच्यावरून नोकरीला जाणाऱ्या बाया मेकॅनिकला अचूक सांगायच्या. ऑटोमॅटिक मोटारीच्या दुखण्याचं सगळ्यात मोठं लक्षण हेच आहे! इंजिनाचे फेरे वाढतात, काटा वर जातो आणि गाडीचा वेग तिथेच. आत काहीतरी घसरतंय.

दुसरं लक्षण वेळेचं. सकाळी थंड गाडीत ब्रेकवर पाय ठेवून 'डी' किंवा 'आर' टाकला की साधारण सेकंदाभरात गाडी ओढ घेते. आता एक, दोन, तीन मोजावं लागत असेल तर आतला तेलाचा दाब कमी पडतोय. दणका बसणं, किंवा सपाट रस्त्यावर दोन गिअरांच्या मध्ये गाडीचं सारखं खाली-वर चालणं, हेही तसंच. संगणकाला धोका वाटला की तो गाडी एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो, दिवा लावतो आणि तुम्हाला कसंबसं घरी पोचू देतो.

आणि तेल. ते बहुधा लाल रंगाचं असतं, म्हणजे फरशीवर थेंब दिसला तर इंजिन ऑइल नव्हे हे ओळखू येतं. जरा काळवंडलं म्हणजे संपलंच असं नाही, पण जळका वास आला तर थांबू नये. या तेलाची एक विचित्र कहाणी आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत त्यात स्पर्म व्हेल माशाचं तेल मिसळत असत. व्हेलला संरक्षण मिळाल्यावर नवी मिश्रणं आली आणि सुरुवातीच्या काही मिश्रणांनी तेल थंड करणाऱ्या नळ्या गंजून गिअरबॉक्स धडाधड गेले. इतकं ते यंत्र तेलावर जगतं. 'आयुष्यभर बदलू नका' असं पुस्तिकेत छापलेलं असलं, तरी झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला म्हणते.

आमच्या मामांच्या गाडीत हे सगळं क्रमाने झालं. मामांचं वय ७४, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, क्लच दाबणं अशक्य. ऑटोमॅटिक होती म्हणून मामींना साताऱ्याला डॉक्टरकडे नेणं त्यांच्याच हातात होतं. आधी रिव्हर्स उशिरा पडायला लागला. एका वर्कशॉपमध्ये सांगितलं, "काका, ऑटोमॅटिक अशाच असतात." मग अंगणात लाल डाग. गेल्या हिवाळ्यात यमाईच्या डोंगराच्या चढावर इंजिन नुसतं ओरडत राहिलं. गावकऱ्यांनी प्रेमाने ट्रॅक्टरला दोर बांधला आणि रहिमतपूरपर्यंत टोचन करून नेलं. जे थोडं उरलं होतं तेही त्यात गेलं. खर्च गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यावर. आता मामी डॉक्टरकडे एसटीने जातात, आणि मामा त्यांना फाट्यापर्यंत सोडायला चालत.

सगळ्या ऑटोमॅटिकना एकच माप लावू नका हेही खरं. २०१४ ला सेलेरिओबरोबर आली ती एएमटी. तिच्यात नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच क्लच असतो, फक्त तो दाबायला यंत्र बसवलेलं. गिअर बदलताना मान जराशी पुढे जाते तो तिचा स्वभाव आहे, आजार नव्हे. पण चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय असेल, तर क्लच जळल्याचा वास येईल आणि तो खराच असेल.

टोचनचं मात्र नीट लक्षात ठेवा. नेहमीच्या, म्हणजे तेलावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये ते तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली की चाकं आतले भाग कोरडेच फिरवतात. न्यूट्रलमध्ये टाकलं तरीही. ढकलस्टार्टही होत नाही, एएमटीतही ती आशा नको. निदान ओढणारी चाकं तरी जमिनीवरून उचललेली हवीत. त्याहून बरं म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर अख्खी गाडी चढवणं. साताऱ्याहून तो यायला दोन तास लागले तरी चालतील, तोवर गाडी सावलीत उभी करा आणि ट्रॅक्टरवाल्याला चहा पाजून परत पाठवा.