सोंग की आजार?

श्रूजबरीहून रूट नाईनने लेक ओलांडला की वूस्टरचं सरकारी मनोरुग्णालय लागतं. संस्था १८३३ सालची, तेव्हा ती गावात होती. 'वेडाचं सोंग घेऊन सुटतात' म्हणणाऱ्यांनी तिच्या इतिहासातला हा खटला जरूर पाहावा.

१८४३ मध्ये चार्ल्सटाउनच्या तुरुंगात ॲबनर रॉजर्स या कैद्याने वॉर्डन लिंकन यांना भोसकून ठार केलं. रॉजर्सला आवाज ऐकू येत. सरकारी पक्ष म्हणाला, सोंग आहे. वूस्टरचे डॉ. वुडवर्ड यांनी साक्ष दिली, आजार आहे.

इंग्लंडात त्याच वर्षी मॅकनॉटन नियम ठरला होता: कृत्य काय, ते चूक की बरोबर, हे कळत नसेल तरच बचाव. आपल्याकडचं १८६० चं कलम ८४ (आता न्याय संहितेचं २२) त्याच वळणाचं. १८४४ मध्ये न्यायमूर्ती शॉ त्यापुढे गेले: कळूनही आजारामुळे स्वतःला आवरता येत नसेल, तरी तो गुन्हेगार नाही.

ज्यूरीने रॉजर्सला निर्दोष ठरवलं. पण घरी नाही, वूस्टरच्या रुग्णालयात पाठवलं. त्याच वर्षी तिथल्या खिडकीतून उडी घेऊन तो गेला.

फाशी टळल्यावर सोंग कोणासाठी चालू ठेवायचं, सांगा बरं?