घनाची कुळकथा

साताऱ्याहून ठोसेघरच्या वाटेने चढून गेल्यावर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची जी रांग दृष्टीस पडते तिचा, आणि सांगलीतल्या एखाद्या तरुणाने आपल्या संगणकाचा प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगाने चालविण्यापूर्वी कागदावर मांडलेल्या वॅटच्या हिशेबाचा काही रक्तसंबंध असेल, असे सकृद्दर्शनी कोणासही वाटणार नाही. तो संबंध आहे, आणि तो अगदी सख्खा आहे, हे दाखविण्यासाठीच हा प्रपंच.

या वेगवाढीचा, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंगचा, सर्वश्रुत इतिहास थोडक्यात आटोपतो: १९८४ च्या आयबीएम एटी यंत्रातला सहा मेगाहर्ट्‌झचे ठोके ठरविणारा स्फटिक काढून हौशी मंडळींनी अधिक वेगाचा बसविला, आणि १९९८ च्या सेलेरॉन ३००ए या तीनशे मेगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरला साडेचारशेवर पळवून या छंदाला लोकमान्यता मिळवून दिली. मला कुतूहल आहे ते त्यापाठोपाठ येणाऱ्या विजेच्या अंदाजाचे. मूळ वॅटना वेगाच्या गुणोत्तराने गुणावे, आणि आलेल्या संख्येस व्होल्टेजच्या गुणोत्तराच्या वर्गाने पुन्हा गुणावे, असा हा अंदाजाचा रिवाज. समजा, प्रोसेसर ९५ वॅटचा आहे, वेग ३.५ वरून ४.२ गिगाहर्ट्‌झवर नेला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३२ केले. वेगाचे गुणोत्तर १.२, व्होल्टेजच्या गुणोत्तराचा वर्ग १.२१, म्हणजे ९५ चे झाले सुमारे १३८. वेग वाढला वीस टक्के, वीज वाढली पंचेचाळीस टक्के.

व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब, मुळात वाढवावा का लागतो, तर कमी दाबावर ट्रान्झिस्टर मंद चालतो, पुढचा ठोका पडण्यापूर्वी त्याचे काम उरकत नाही आणि यंत्र अडते. म्हणून वेगामागोमाग दाबही चढवावा लागतो; आणि दोन्ही सारख्याच प्रमाणात चढले, तर वेग आणि दाबाचा वर्ग यांचा गुणाकार वेगाच्या घनाइतका होतो.

हा घन प्रथम कोणी पाहिला? माझ्या मते या वंशाचा मूळपुरुष जॉन स्मीटन. या इंग्रज अभियंत्याने फिरत्या भुजेच्या टोकाला पवनचक्कीच्या शिडांचे प्रतिरूप बसवून प्रयोग केले आणि १७५९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निष्कर्ष मांडला, की शिडांचे कार्य वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या जवळपास, परंतु त्याहून किंचित कमी असते. कारण उघड आहे: वेग दुप्पट झाला की दर सेकंदाला येणारी हवा दुप्पट, आणि त्या हवेच्या प्रत्येक कणाची ऊर्जा चौपट; एकूण आठपट. ‘किती वेळा’ याला ‘दर वेळी किती’ याने गुणावयाचे, हीच या घराण्याची मुद्रा.

तीच मुद्रा कृष्णाकाठच्या पंपावरही उमटलेली आहे. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली, आणि पुढे तेथे जे सेंट्रिफ्यूगल पंप तयार होऊ लागले त्यांना लागू असलेला नियम असा: फेरे दहा टक्क्यांनी वाढविले, तर पाणी दहा टक्के, दाब एकवीस टक्के आणि लागणारी शक्ती तेहेतीस टक्के वाढते. मोटार जळाली म्हणून रिवाइंडिंगवाल्याकडे ती घेऊन जाणाऱ्या बागायतदाराला घनाचा हा जाच पुस्तकावाचून ठाऊक असतो.

येथे प्रतिपक्ष म्हणेल, की विजेच्या सूत्रातला वर्ग पवनचक्कीवाल्याकडून कशाला आणता? विद्युत्प्रवाहाच्या वर्गाने उष्णता वाढते हे जूलने १८४१ च्या सुमारास सिद्ध केलेच होते. हे कूळ जूलचे. आक्षेप वजनदार आहे, तथापि जूलच्या नियमाचा प्राण म्हणजे तारेचा रोध, आणि प्रोसेसरच्या सूत्रात रोधाचा मागमूसही नाही. ट्रान्झिस्टरचा सूक्ष्म विद्युत्संचय ठराविक दाबावरून भरताना जी ऊर्जा वाया जाते, ती वाटेतला रोध अधिक असो वा उणा, तेवढीच राहते. खर्च ठरतो तो संचय किती वेळा भरला-रिता केला आणि दर खेपेस किती खर्च झाला यावर. ही रीत स्मीटनची आहे. जूलकडून नातेवाइकी जरूर मानावी. वारसाहक्काची सनद मात्र त्याला देता येत नाही.

मूळपुरुषाच्या आणि वंशजाच्या हिशेबात एक तफावत आहे, तीही अर्थपूर्ण. स्मीटनचा घन प्रत्यक्षात किंचित उणा भरत असे. प्रोसेसरचा खर्च मात्र हिशेबाहून अधिक भरतो, कारण चिप तापली की बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपू लागते, आणि दाबासरशी ही गळती आणखी फोफावते. शिवाय चिपमध्ये वाढलेले ४३ वॅट, संगणकाला वीज पुरविणाऱ्या ८५ टक्के कार्यक्षमतेच्या एसएमपीएसमधून ओढले जाताना, भिंतीवरच्या मीटरवर सुमारे पन्नास होऊन उमटतात. प्रोसेसरच्या डब्यावर छापलेला ९५ चा आकडाही बहुधा उष्णतेच्या तजविजीसाठी असतो. तो विजेचा काटेकोर दाखला नव्हे. तेव्हा हिशेबाने आलेला आकडा किमान समजून वर सढळ हाताने शिल्लक ठेवावी आणि मगच एसएमपीएस खरेदी करावा. वेगाची हाव सरळ रेषेत वाढते, तिचे मोल घनाने चुकवावे लागते. पठारावरच्या वाऱ्यासाठी सिद्ध झालेला हा न्याय हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या चिपलाही चुकलेला नाही.