पंधरा मिनिटांची रेघ



स्नान हा चित्रकलेचा फार जुना विषय. पण युरोपच्या चित्रशाळांतून शतकानुशतके न्हात आल्या त्या बहुधा देवता नि अप्सरा, आणि त्याही रानातल्या झऱ्याकाठी. साध्या खोलीत अंग धुणारी साधी बाई मोठ्या चित्रांच्या पंक्तीला क्वचितच बसे. फ्रान्समध्ये देगाने १८८६ च्या प्रदर्शनात अशा स्त्रिया मांडल्या, तेव्हा काही टीकाकारांनी नाके मुरडलीच.

पुढे ७ जून १९०५ रोजी जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी स्थापत्य शिकणाऱ्या चार तरुणांनी एक मंडळ काढले. नाव ‘ब्रुके’, म्हणजे पूल. त्यांतला एर्न्स्ट लुडविग किर्शनर हा अभिव्यक्तिवादाचा एक अध्वर्यू ठरला. त्याची चित्रशाळा हेच त्याचे बिऱ्हाड. पडदे त्यानेच रंगवलेले, बैठका त्यानेच कोरलेल्या. तिथे परातीसारखा पसरट टब मांडून एखादी मैत्रीण अंग धुते आहे आणि किर्शनर भराभर रेघा ओढतो आहे, अशी ही रेखाचित्रे.

या मंडळींचा एक परिपाठ होता. समोरच्या व्यक्तीने दर पंधरा मिनिटांनी बैठक बदलायची. त्यामुळे मोजायला, गिरवायला सवडच नाही. वाकलेली पाठ एका रेघेत, पाय अर्धवट, चेहरा दोनचार फटकाऱ्यांत. प्रमाण चुकते, पण अंगावर पाणी घेतानाचा तो बेसावध क्षण नेमका पकडला जातो. डोळ्याने मोजले त्यापेक्षा मनाला भिडले ते आधी कागदावर यावे, हे अभिव्यक्तिवादाचे मर्म.

इतक्या घरगुती चित्राने कोणाचे काय बिघडावे? परंतु १९३७ मध्ये नाझी राजवटीने किर्शनरच्या ६३९ कृती जर्मन संग्रहालयांतून काढून घेतल्या. त्यांतल्या काही म्युनिकला ‘अधोगत कला’ या नावाखाली, लोकांनी हसावे म्हणून टांगल्या. १५ जून १९३८ रोजी स्वित्झर्लंडमध्ये डावोसजवळ किर्शनरने आपले आयुष्य संपवले. तेव्हा तो ५८ वर्षांचा होता.

त्या राजवटीला शरीर हवे होते ते ताठ, रेखीव, हुकमात उभे राहणारे. टबात वाकलेली ही बाई कोणाच्याच हुकमात नव्हती. तिचा गुन्हा म्हणायचा तर एवढाच!

एखादे चित्र पाहून आपल्याला हसू आले, तर खुशाल हसावे. मात्र ‘ते भिंतीवरून उतरवा’ असे म्हणणाऱ्यांत आपला आवाज मिसळण्यापूर्वी ड्रेस्डेनच्या त्या टबाची आठवण ठेवावी, एवढीच विनंती.