उन्हाळी चित्रपटांचे उत्तरभाग आणि उत्पन्नाची भाकिते

यशस्वी चित्रपटाचा उत्तरभाग तिकीटबारीवर किती उत्पन्न मिळवील, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ गणिताचा वाटतो. अमेरिकन चित्रपटव्यवसायाचा इतिहास मात्र निराळेच सांगतो. तेथे भाकीत हे तटस्थ निरीक्षण न राहता, ज्या फलाविषयी ते केले जाते त्या फलाचेच एक कारण होऊन बसते.

भाकिताची निकड दोन घटनांतून वाढली. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात दिलेल्या निर्णयानंतर मोठ्या निर्मितिसंस्थांना आपल्या मालकीची चित्रपटगृहे सोडावी लागली. हक्काची बाजारपेठ अशा रीतीने गेल्यावर प्रत्येक चित्रपटाला स्वतःच्या बळावर उभे राहणे भाग पडले. दुसरी घटना १९७५ ची. त्या वर्षी २० जून रोजी ‘जॉज’ हा चित्रपट दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या जोरावर ४०० हून अधिक चित्रपटगृहांत एकाच वेळी झळकला. पूर्वी मोठे चित्रपट बहुधा निवडक शहरांत प्रथम दाखवून मग सावकाश इतरत्र पाठविले जात. त्यामुळे लोकांचा कल पाहून बेत बदलता येत असे. नव्या पद्धतीत तशी सवड उरली नाही. खर्च आधी आणि कौल नंतर, असा क्रम झाला.

उत्तरभागांविषयी त्या काळी रूढ आडाखा असा होता, की दुसरा भाग पहिल्यापेक्षा कमीच मिळवतो. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ (१९६८) या चित्रपटाचे चार उत्तरभाग १९७० ते १९७३ या काळात निघाले आणि त्यांच्या खर्चाला उत्तरोत्तर कात्री लागत गेली. उत्पन्नही घटले. आडाखा खरा ठरला हे निर्विवाद. परंतु तो खरा ठरविण्यास त्याच्यावर विसंबून केलेली काटकसर कितपत कारणीभूत झाली, हा प्रश्न उरतोच.

जॉर्ज लूकस याने नेमका हाच आडाखा झुगारला. ‘स्टार वॉर्स’ला (१९७७) सुमारे १.१ कोटी डॉलर खर्च आला होता. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’साठी (१९८०) त्याने स्वतःचा पैसा व बँकांची कर्जे यांच्या आधारे सुमारे ३ कोटी डॉलर घातले. उत्पन्न मूळ चित्रपटाच्या खाली राहिले, तरी अमेरिकेत ते २० कोटींच्या पुढे गेले. १९९१ च्या जुलैत आलेल्या ‘टर्मिनेटर २’ने तर जुना नियम उलटाच केला. पहिल्या भागाने (१९८४) अमेरिकेत सुमारे ३.८ कोटी डॉलर मिळविले होते. दुसऱ्याने २० कोटींहून अधिक मिळविले. तिकिटांच्या दरवाढीने एवढ्या अंतराचा उलगडा होत नाही.

यावरून खर्च वाढविला की यश हमखास येते, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. ‘जॉज २’वर (१९७८) मूळ चित्रपटाच्या दुपटीहून अधिक खर्च झाला. तथापि ‘जॉज’चे अमेरिकेतील उत्पन्न पुनःप्रदर्शनांसह सुमारे २६ कोटी डॉलर असता उत्तरभागाचे ८ कोटींच्या आसपासच राहिले. पूर्वकीर्ती प्रेक्षकाला दारापर्यंत आणते; पाहून आलेला प्रेक्षक इतरांना काय सांगेल, हे तिच्या हाती नसते.

संख्याशास्त्रीय अभ्यासांचा रोखही याच दिशेने आहे. बॅरी लिटमन याने १९८३ मध्ये यशाचे घटक मोजण्याचा प्रयत्न केला. आर्थर डी व्हॅनी व डेव्हिड वॉल्स यांनी १९९९ मध्ये दाखविले, की चित्रपटांच्या उत्पन्नातील चढउतार इतके अमर्याद असतात, की सरासरीवर भिस्त ठेवून एखाद्या चित्रपटाचे भवितव्य सांगणे फोल ठरते.

तेव्हा अभ्यासकाने जुनी भाकिते केवळ खरी की खोटी या कसोटीवर तपासू नयेत. भाकितावरून किती पैसा घातला गेला, किती चित्रपटगृहे ठरविली गेली आणि कोणते चित्रपट मुळातच नाकारले गेले, हेही पाहिले पाहिजे. उत्पन्नाचे आकडे लोकरुचीचा पुरावा म्हणून वापरले जातात. परंतु त्या रुचीपुढे काय ठेवायचे, याचा निवाडा पुष्कळदा भाकिताने आधीच करून ठेवलेला असतो.