संप पंप (घरगुती)

जमिनीखालच्या टाकीत किंवा खड्ड्यात साठलेले पाणी वर चढवणारा अथवा बाहेर फेकणारा विजेवरचा पंप. ‘संप’ हा शब्द इंग्रजी. कामगारांच्या संपाशी त्याचे नाते नाही. पुण्यात तो फारसा रुळलाही नाही. इथे टाकी ‘खालची’ असते, पंपाला ‘मोटर’ म्हणतात आणि ती ‘लावली’ की सोसायटीत पाणी येते.

पूर्वपीठिका : नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी बंदिस्त नळातून केवळ उताराच्या जोरावर शहरातल्या हौदांत येई. मोटरीची गरज पडली ती घरे उंच झाल्यावर. नळाचे पाणी ठरावीक वेळी येते आणि त्याचा दाब वरच्या मजल्यांना पुरत नाही. म्हणून ते आधी खालच्या टाकीत साठवून मग गच्चीवर चढवतात. पंपनिर्मितीत महाराष्ट्र जुना : लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेल्या किर्लोस्करवाडीत पुढे पंपांचा मोठा कारखाना उभा राहिला.

बसवणी : टाकीबाहेरचा मोनोब्लॉक आणि पाण्यात बुडणारा सबमर्सिबल असे दोन मुख्य प्रकार. मोनोब्लॉक पाणी ओढतो ते हवेच्या दाबाच्या आधाराने. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर, त्यामुळे पाणी ओढण्याच्या खोलीची मर्यादा कागदावर साडेनऊ मीटरच्या आसपास, प्रत्यक्षात सहा-सात मीटर. म्हणून पंप टाकीच्या जितका जवळ तितका बरा. ओढणारा पाइप अरुंद नसावा, त्यात वळणे कमी असावीत. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर हवाच. महापालिकेच्या नळाला थेट मोटर जोडणे नियमबाह्य आहे. त्याने शेजाऱ्याचे पाणी पळते, शिवाय फुटक्या जोडातून घाण पाणीही आत ओढले जाते.

दुरुस्ती : मोटर फिरते पण पाणी येत नाही, ही नेहमीची तक्रार. बहुधा पंपात हवा धरलेली असते किंवा ओढणाऱ्या पाइपच्या तळाशी असलेल्या फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो गळत असतो. व्हॉल्व्ह साफ करून पंपात पाणी भरले की काम होते. मोटर नुसती घुमत राहिली तर कपॅसिटर गेलेला किंवा इम्पेलर अडकलेला असतो. शाफ्टपाशी थेंब गळू लागले तर सील. हे सुटे भाग त्या मानाने स्वस्त. खर्चाचे काम वाइंडिंग जळाल्यावर निघते. खालची टाकी रिकामी असताना मोटर कोरडी चालली की आधी सील करपते आणि अडकलेल्या मोटरीचे वाइंडिंगही जळू शकते. ते टाळायला फ्लोट स्विच बसवतात. पंपाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करणे, ही पहिली पायरी.

तळघरातला पंप : पुण्याखालचा काळा बेसाल्ट अखंड नाही. त्याच्या भेगांतून पावसाळ्यात पाणी झिरपते आणि तळमजल्याखालच्या पार्किंगमध्ये साचते. तिथे खड्डा करून गढूळ पाणी उपसणारा पंप बसवतात. पाणी चढले की फ्लोट तो आपोआप सुरू करतो. झिरप्याला हा उपाय पुरतो, पुराला नाही. २५ जुलै २०२४ रोजी मुठा नदीचे पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरले. अशा वेळी बाहेर फेकलेले पाणी पुन्हा आतच येते आणि बहुधा वीजही बंद केलेली असते.