आदिवासी युवा शक्ती

आदिवासी युवा शक्ती (आयुश) हा पालघर जिल्ह्यातील आदिवासी तरुणांच्या पुढाकाराने उभा राहिलेला स्वयंसेवी गट आहे. शिक्षण वा नोकरीनिमित्त गावापासून दूर गेलेले तरुण, विद्यार्थी आणि वारली चित्रकार यांना तो समाजमाध्यमांद्वारे परस्परांशी जोडतो. बोईसर, सरावली व तारापूर औद्योगिक वसाहतीचा पट्टा आणि डहाणू-जव्हारकडील पाडे यांतील अंतर पाहता हा दुवा महत्त्वाचा ठरतो.

गटाचे सर्वाधिक ठळक कार्य वारली चित्रकलेविषयी आहे. गंजाडचे जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांच्यामुळे ही कला जगभर पोहोचली. मात्र तिचा व्यापारी वापर करणारे अनेकदा कलाकारांना श्रेय वा मोबदला देत नसत. आदिवासी युवा सेवा संघाच्या नावे या कलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने 'वारली चित्र' या नावाला संरक्षण लाभते, आकृत्यांच्या नकलेला मात्र आपोआप आळा बसत नाही. प्रत्येक चित्राचा स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्यानुसार सामान्यतः चित्रकाराकडेच असतो. त्यामुळे समाजमाध्यमांवर चित्र टाकताना त्याखाली चित्रकाराचे नाव व गाव देणे ही केवळ औपचारिकता नसते. ग्राहक दलालाशिवाय थेट चित्रकारापर्यंत पोहोचतो तो त्यावरूनच.